मॉलच्या चौकातली चोवीस चित्रं: स्थानिक ॲनिमेशनच्या सणासुदीच्या प्रदर्शनाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा प्रदर्शनांत ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात, त्या एकाच मॉलच्या परिस्थितीत एकत्र आणल्या आहेत. त्यामुळे मॉलचं आणि स्टुडिओंचं नाव नाही. मापं आणि हिशेब मात्र कोणालाही फूटपट्टी घेऊन तपासता येतील असे दिले आहेत.

परिस्थिती अशी. पाच मजली मॉल, मधोमध काचेच्या छताचा ॲट्रियम, म्हणजे उंच मोकळा चौक, लांबी १८ मीटर, रुंदी १२ मीटर. एका टोकाला सरकत्या जिन्यांची जोडी. सणाच्या हंगामात २४ दिवस ही जागा त्याच भागात बनलेल्या ॲनिमेशनला द्यायची असं व्यवस्थापनाने ठरवलं. त्यांच्या मनातला आराखडा नेहमीचाच होता: लोकप्रिय पात्राचा चार मीटर उंच हवेचा फुगा, दहा-बारा कटआउट, फोटोसाठी एक कमान, मोठ्या पडद्यावर दिवसभर फिरणाऱ्या फिती आणि कोपऱ्यात खेळण्यांचा स्टॉल.

या आराखड्यात ॲनिमेशन कुठेच नव्हतं. पात्रं होती, पण चित्र हलतं कसं आणि ते हलवणारे हात कोणाचे, हे सांगणारं काहीच नव्हतं. कटआउट कोणत्याही पात्राचं उभं करता येतं. स्थानिक कामाला वेगळं काढणारी गोष्ट म्हणजे ते काम जवळच, ओळखीच्या माणसांनी, एकेक चित्र काढून केलं आहे ही. ती दिसली नाही तर प्रदर्शन भरवण्याचं कारणच उरत नाही. म्हणून आराखडा उलटा करण्यात आला. मधोमध एक मोठं फिरतं यंत्र, ज्यात चोवीस चित्रांची हालचाल डोळ्यांदेखत घडते. त्याच्या एका बाजूला ‘एका सेकंदाची भिंत’, दुसऱ्या बाजूला मुलांनी स्वतः चित्रं काढायचं टेबल. फुगा राहिला, पण प्रवेशद्वाराबाहेर.

मधलं यंत्र कोणतं?

पहिला प्रस्ताव स्ट्रोबवर, म्हणजे ठरावीक गतीने लखलखणाऱ्या दिव्यावर, चालणाऱ्या त्रिमितीय झोट्रोपचा होता. फिरत्या तबकडीवर थोड्या थोड्या फरकाच्या मूर्ती बसवायच्या आणि प्रत्येक मूर्ती आधीच्या मूर्तीच्या जागी आली की दिव्याची एक लखलख. डोळ्याला वाटतं, एकच मूर्ती उड्या मारते आहे. जपानमधल्या मिताका इथल्या, २००१ साली उघडलेल्या, गिब्ली या ॲनिमेशन स्टुडिओच्या संग्रहालयात असं यंत्र आहे आणि ते पाहताना मोठी माणसंही खिळून राहतात. पण तिथे ते बंदिस्त जागेत आहे आणि तिकीट काढून आलेला माणूस जाणूनबुजून त्यासमोर उभा राहतो. मॉलच्या चौकात यातलं काहीच नसतं.

हिशेब मांडला की अडचण लगेच दिसते. हाताने काढलेलं ॲनिमेशन बहुधा सेकंदाला १२ चित्रांवर चालतं, म्हणजे २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) सेकंदात प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकतं. स्ट्रोबला हीच गती हवी, म्हणजे सेकंदाला १२ लखलखी. प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना, म्हणजे लखलखत्या प्रकाशाने फिट येणाऱ्यांना, साधारण ३ ते ३० हर्ट्झच्या (सेकंदाला ३ ते ३० वेळांच्या) दरम्यानची उघडमीट धोक्याची असते आणि १२ हा आकडा त्या पट्ट्याच्या आत पडतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका लोकप्रिय कार्टून मालिकेच्या भागात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून चमकला आणि सुमारे ६८५ जणांना, त्यातही बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. खरेदीसाठी वाट काढत जाणाऱ्या गर्दीत सूचनेची पाटी वाचून बाजूला व्हायला कोणाला अवकाश मिळत नाही. शिवाय स्ट्रोबला अंधार लागतो आणि काचेच्या छताखाली भर दुपारी अंधार आणायचा म्हणजे तंबू ठोकायला हवा. दोन्ही कारणांनी प्रस्ताव बाद झाला.

उत्तर जुनंच होतं. फ्रान्सच्या एमिल रेनो यांनी १८७७ मध्ये प्रॅक्सिनोस्कोप बनवला तेव्हा साध्या झोट्रोपच्या, म्हणजे फटींतून आत पाहायच्या फिरत्या पिंपाच्या, फटी काढून त्यांच्या जागी आरसे बसवले. बाहेरच्या पिंपाच्या आतल्या अंगाला चित्रांची पट्टी आणि मधोमध तेवढ्याच आरशांचा बहुकोन. आरशांचं वर्तुळ पट्टीच्या वर्तुळाच्या निम्म्या त्रिज्येवर ठेवलं की प्रत्येक चित्राचं प्रतिबिंब बरोबर फिरण्याच्या अक्षावर पडतं, त्यामुळे पिंप फिरत असताना प्रतिबिंब जागच्या जागी राहतं आणि फक्त बदलत जातं. प्रकाश कुठेही तुटत नाही. लखलख नाही, अंधार नाही, भर उजेडात चालतं. याच रेनो यांनी २८ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिसमध्ये आपला ‘थिएटर ऑप्टिक’, म्हणजे पडद्यावर हलती चित्रं दाखवणारा खेळ, लोकांसमोर उघडला आणि त्याची आठवण म्हणून जगभर तो दिवस आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन मानला जातो. यंत्र निवडताना इतिहासाचा मान राखायचा हेतू नव्हता. दीडशे वर्षांपूर्वीचा उपाय या जागेला सगळ्यांत सुरक्षित ठरला, इतकंच.

मापं आणि ती कुठे चुकतात

पिंपाचा आतला व्यास १.८ मीटर धरला. पहिल्या रेखाटनात १२ चित्रं होती. सेकंदाला १२ चित्रं दिसायची तर पिंपाने सेकंदाला एक पूर्ण फेरी घ्यायला हवी, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ५.६५ मीटर, ताशी सुमारे २० किलोमीटर. मुलांच्या बोटांपासून हातभर अंतरावर हा वेग नको. चित्रं २४ केली की तीच हालचाल मिनिटाला ३० फेऱ्यांत मिळते, कडेचा वेग निम्मा होतो आणि हालचालही दोन सेकंदांची, म्हणजे जरा सांगण्यासारखी होते. मग प्रत्येक चित्र २३.६ सेंमी रुंद, ३० सेंमी उंच. आरसे २४, प्रत्येकाची रुंदी ११.८ सेंमी, अक्षापासून ४५ सेंमीवर.

दोन सेकंदांत काय दाखवायचं यावर बराच काथ्याकूट होतो. चालणं हा पहिला विचार, पण नेहमीच्या चालीत अर्ध्या सेकंदाला एक पाऊल पडतं. १२ चित्रांच्या गतीत दोन पावलांचं आवर्तन १२ चित्रांतच संपतं आणि २४ घरांत तेच दोनदा येतं. त्यापेक्षा उडी घ्यावी. पात्र खाली बसतं, ताणून वर जातं, माथ्यावर क्षणभर रेंगाळतं, खाली येताना दबतं आणि सावरून पुन्हा पहिल्या चित्राशी जुळतं. रेंगाळण्याला चार-पाच चित्रं द्यायची आणि वर जाण्याला तीनच. सारखी वाटणी केली की उडीतला जीव जातो, आणि हे न शिकलेल्या डोळ्यालाही कळतं. चित्रं अर्थातच स्थानिक स्टुडिओतल्या ॲनिमेटरने नव्याने काढायची, जुन्या चित्रपटातल्या चौकटी कापून लावायच्या नाहीत. चित्रपटातली हालचाल आवर्तनासाठी आखलेली नसते, त्यामुळे चोविसाव्या चित्रावरून पहिल्यावर येताना झटका बसतो.

पट्टी छापताना सगळ्यांत जास्त घोळ डाव्या-उजव्याचा होतो. आरशात चित्र उलटं दिसतं, म्हणून छपाई आडवी पलटून करावी लागते. पात्राच्या डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर गेला तर मुलं पहिल्या दहा मिनिटांत पकडतात. हालचाल मागे जाताना दिसली तर घाबरू नये, मोटरची दिशा बदलली की ती सुधारते. तीळ मात्र मोटरने परत येत नाही.

पुढचा मुद्दा उंचीचा, आणि इथे चूक महागात पडते. सुरक्षेचा कठडा पिंपापासून एक मीटरवर होता. पट्टीचं तळाचं टोक दिसायला नजर पिंपाच्या कडेवरून आत जाते, ४५ सेंमीवर आरशाला लागते आणि परत ४५ सेंमी मागे येते. ९० सेंमीच्या या वाटेत तिला ३० सेंमी खाली यायचं असतं, म्हणजे तीनास एक असा उतार. एक मीटर मागे उभ्या माणसाचा डोळा त्यामुळे कडेपेक्षा किमान ३३ सेंमी वर हवा. पहिल्या आराखड्यात कड जमिनीपासून ९५ सेंमीवर होती, कारण रेखाटन करणाऱ्याने मोठ्या माणसाचा विचार केला. ११० सेंमीवर डोळा असलेल्या मुलाला तेव्हा पट्टीचे वरचे १३-१४ सेंमीच दिसतात. डोकं आणि छाती दिसते, पाय दिसत नाहीत, आणि उडी तर पायांत असते. कड ७५ सेंमीवर आणली की त्याच मुलाला सगळं दिसतं, चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही. त्याहून लहान मुलांसाठी एका बाजूला २० सेंमी उंचीची रुंद पायरी ठेवावी. आरसे कडेच्या १५ सेंमी खालपासून २० सेंमी वरपर्यंत हवेत. वरचे २० सेंमी विसरले तर उंच माणसाला पट्टीचा माथा कापलेला दिसतो.

आरसे कशाचे? ॲक्रिलिकचे हलके आणि न फुटणारे असतात, पण तीन मिलिमीटरचा पातळ पत्रा सैल बसवला तर लहरतो आणि पात्राचा चेहरा पाण्यात पाहिल्यासारखा हलतो. मागे ॲल्युमिनियमच्या संमिश्र पत्र्याचा सपाट आधार देऊन पूर्ण पृष्ठभागावर चिकटवला तर प्रश्न राहत नाही. काचेचा आरसा सरळ असतो, पण मागे सुरक्षा फिल्म लावल्याशिवाय वापरू नये. यापेक्षा नाजूक बाब आरशाच्या कलाची. एक आरसा एका अंशाने जरी पुढे झुकला तरी परतणारा किरण दोन अंशांनी वळतो आणि ४५ सेंमीवर चित्र सुमारे दीड सेंमी वरखाली होतं. चोवीसपैकी एकच आरसा असा असला तर दर फेरीला एकदा, म्हणजे दोन सेकंदांनी एकदा, पात्र उचकी लागल्यासारखं दचकतं. म्हणून प्रत्येक आरशाच्या मागे तीन समायोजन स्क्रू द्यायचे आणि पट्टीच्या जागी आडव्या काळ्या रेघेची चाचणी पट्टी लावून यंत्र हळू फिरवायचं. रेघ सरळ राहिली की आरसे जुळले. या कामाला एक रात्र राखून ठेवावी, ती हमखास लागते.

प्रकाश पट्टीच्या आतल्या अंगावर पडायला हवा, पाहणाऱ्याच्या डोळ्यात नाही. अक्षावर वरून टोपी घातलेला दिवा बसवला की दोन्ही साधतं. रेनो यांच्या यंत्रातही मेणबत्ती आणि तिची टोपी तिथेच असे. एलईडी घेताना स्थिर विद्युतप्रवाहाचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) मागून घ्यावा. स्वस्त डिमर दिवा फार वेगाने चालू-बंद करून मंद करतात. डोळ्याला ते कळत नाही, पण फिरत्या आरशांत आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे उमटतात. इथे येणारा प्रत्येकजण मोबाइलने चित्रण करणार हे गृहीत धरायलाच हवं.

पिंपाभोवती दहा सेंमी अंतरावर सहा मिलिमीटर पॉलिकार्बोनेटची, म्हणजे पारदर्शक टणक प्लास्टिकची, स्थिर भिंत आणि वर त्याचंच झाकण, जमिनीपासून एक मीटरवर. लहान मुलं उभ्या भिंतीतून पाहतात, मोठी माणसं झाकणातून. मोठ्यांना तिरक्या कोनातून झाकणात काचेच्या छताचं आकाश दिसतं आणि खालचे आरसे हरवतात. वर २.६ मीटर उंचीवर काळ्या मॅट कापडाची छत्री टांगली की आकाश झाकलं जातं. पण छत्री टांगण्याआधी मॉलच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्याला दाखवावं लागतं, कारण घट्ट कापड फवाऱ्याचं पाणी आणि धूरशोधक दोन्ही अडवतं. ज्वालारोधक, विरळ विणीचं कापड घेतलं तर मान्यता मिळायला सोपं जातं.

यंत्र फिरवायला गिअर मोटर, वेग बदलणारा ड्राइव्ह, आठ-दहा सेकंदांत हळू सुरू होणारी गती, पट्ट्यात घसरणारा क्लच आणि दोन बाजूंना दोन आपत्कालीन बटणं. क्लच एवढ्यासाठी की काही अडकलं तर मोटर ओढत राहू नये.

जागा, वजन, गर्दी

यंत्र पूर्ण अवस्थेत मालवाहू लिफ्टमध्ये जात नाही. पिंपाचे ६० अंशांचे सहा तुकडे करायचे. प्रत्येकाची सरळ रुंदी साधारण ९० सेंमी भरते आणि प्रत्येकात नेमकी चार चित्रं बसतात, त्यामुळे सांधा चित्राच्या मधोमध न येता दोन चित्रांच्या सीमेवर येतो.

वजनाची चौकशी चुकीच्या ठिकाणी होते. यंत्राच्या वजनाबद्दल सगळे विचारतात. सार्वजनिक जागेच्या फरशीला सामान्यतः चौरस मीटरला ४ ते ५ किलोन्यूटन (सुमारे ४०० ते ५०० किलो वजनाचा) भार धरलेला असतो, आणि पायांखाली ३० सेंमीच्या चौकोनी प्लेटा टाकल्या तर अशा यंत्राचा त्रास होत नाही. खरा धोका छत्री टांगायला आणलेल्या कात्री-लिफ्टचा, म्हणजे माणसाला उंच उचलणाऱ्या चाकांवरच्या मचाणाचा, असतो. तिचं वजन सहज दीड टनाच्या घरात जातं आणि ते चार लहान चाकांवर येतं. ॲट्रियमखाली तळघरातलं पार्किंग असेल तर लिफ्ट कुठल्या वाटेने न्यायची हे इमारतीच्या अभियंत्याकडून लेखी घ्यावं.

सरकत्या जिन्याच्या तोंडाशी काहीही आकर्षक ठेवू नये. एक मीटर रुंद पायऱ्यांचा जिना सेकंदाला अर्धा मीटर या गतीने ताशी ६,००० पर्यंत माणसं आणून सोडू शकतो. पुढचा माणूस थबकला तरी जिना थांबत नाही. म्हणून यंत्र जिन्यापासून दूरच्या टोकाकडे ठेवलं आणि जिन्याच्या बाजूला पाठमोरी भिंत, म्हणजे उतरणाऱ्याला पाहण्यासारखं काही नाही. त्या पाठमोऱ्या भिंतीवर जाहिरात लावायची मागणी येतेच. ती मान्य करू नये.

दुकानदारांचा एक आग्रह रास्त असतो: दुकानाची पाटी झाकली जाऊ नये. वाटेतली मांडणी १.२ मीटर उंचीच्या आत ठेवली तर वाद होत नाही.

एका सेकंदाची भिंत

या भिंतीवर एकच सेकंद आहे. १२ चित्रं ओळीने, त्यांच्याखाली त्याच सेकंदाची एक्सपोजर शीट (कोणतं चित्र किती चौकटी टिकतं याचा तक्ता), आणि शेवटी लहान पडद्यावर तोच सेकंद पुन्हा पुन्हा. दहा मिनिटांच्या फितीत १४,४०० चौकटी असतात आणि दोन-दोन चौकटींवर काम केलं तर ७,२०० चित्रं. हा आकडा पाटीवर लिहून कोणाला काही वाटत नाही. १२ कागद चालत पार केल्यावर शेवटच्या पडद्यावर ते सगळे एका सेकंदात उडून जाताना पाहिले की वाटतं.

कागद लावताना पेगची भोकं दिसू द्यावीत. मधे एक गोल आणि दोन्ही बाजूंना एकेक लांबट चीर, अशी ती तीन भोकं असतात. खुंट्यांवर बसवून कागद एकमेकांवर नेमके जुळवतात ते त्यांच्याच आधारे. चौकट करणारे कारागीर सवयीने तीच माउंटखाली झाकतात. कोपऱ्यातले चित्रक्रमांक, निळ्या पेन्सिलीच्या कच्च्या रेषा, कडेला इन-बिटवीन, म्हणजे मुख्य चित्रांमधली चित्रं, करणाऱ्यासाठी काढलेली अंतरांची छोटी शिडी, यातलं काहीही पुसायचं किंवा कापायचं नाही. नीट पाहिलं तर पाचव्या आणि सातव्या चित्रातली रेष ठाम असते आणि सहाव्यातली किंचित सावध. मुख्य चित्रं एका हाताची, मधलं दुसऱ्याच्या. स्थानिक ॲनिमेशनचं कौतुक करायचं ते या सहाव्या कागदासकट.

मूळ कागद मात्र इथे लावू नयेत. कागदावरच्या कामाला ५० लक्स प्रकाश ही संग्रहालयांतली रूढ मर्यादा. दिवसाला दहा तास आणि २४ दिवस धरले तर १२,००० लक्स-तास होतात. काचेच्या छताखाली दुपारी २,००० लक्स सहज मिळतो, त्या हिशेबाने तेवढ्याच दिवसांत चाळीसपट. म्हणून भिंतीवर मूळ आकाराच्या हुबेहूब प्रती, आणि ‘ही प्रत आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं. मूळ चार-पाच वस्तू दाखवायच्याच असतील तर आतल्या, बिनखिडकीच्या रिकाम्या दुकानगाळ्यात दाखवाव्यात. जुन्या सेलच्या, म्हणजे पारदर्शक ॲसिटेटवर रंगवलेल्या चित्रांच्या, बाबतीत जास्त जपावं लागतं. ॲसिटेट दमट उष्णतेत कुजू लागलं की व्हिनेगरसारखा वास येतो. असा सेल इतरांपासून लगेच वेगळा ठेवायचा. आणि सेलवरचा रंग काचेला टेकू द्यायचा नाही, मधे किमान सहा मिलिमीटरची जागा हवी. उकाड्यात रंग काचेला चिकटतो आणि चौकट उघडताना सेलवरून सुटून येतो.

पाट्यांवर ‘पहिला’ हा शब्द लिहिण्याआधी दहा वेळा तपासावं. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’ला जगातला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट म्हणणारे आजही भेटतात. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांचा छायाकृतींचा चित्रपट १९२६ चा आहे आणि तो पाहायला मिळतो. त्याच्याही आधी, १९१७ मध्ये, अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानी यांनी ‘एल अपोस्तोल’ केला, पण त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. स्थानिक कामाचं हे नेहमीचं दुखणं आहे. ते चांगलं नसतं म्हणून नाही, जपलं जात नाही म्हणून विस्मरणात जातं. प्रदर्शनाच्या निमित्ताने स्टुडिओंच्या माळ्यावरची खोकी उघडली जातात तेव्हा प्रत्येक कागदाची उच्च दर्जाची स्कॅन प्रत काढून स्टुडिओला परत देणं, हे खरं तर प्रदर्शनाहूनही टिकाऊ काम आहे. अंदाजपत्रकात त्याची वेगळी ओळ हवी.

परवानग्या

परवानग्यांची कामं उद्घाटनाच्या १६ आठवडे आधी सुरू व्हायला हवीत. एका तीन मिनिटांच्या फितीत निर्माता, दिग्दर्शक, प्रसारण वाहिनी, संगीतकार, आवाज देणारे कलाकार असे पाच-सहा हक्कदार असू शकतात, आणि ‘दिग्दर्शक हो म्हणाले’ यावर विसंबून राहिलं की आदल्या आठवड्यात वाहिनीचं पत्र येतं. परवानगीच्या पत्रात फितीचा नेमका भाग आणि कालावधी, दिवसभर पुन्हा पुन्हा दाखवण्याची मुभा, जागा आणि तारखा, पाहुण्यांनी केलेलं चित्रण, प्रसिद्धीसाठी वापर, आणि वस्तू परत करण्याची तारीख व विम्यासाठीचं मूल्य, हे सगळं हवं. खेळणी आणि कपड्यांवर पात्र छापण्याचा हक्क वेगळा असतो, तो प्रदर्शनाच्या परवानगीत आपोआप येत नाही. पात्राला सणाचा पोशाख चढवायचा असेल तर त्याचीही वेगळी संमती घ्यावी. ती चित्रं निर्मात्याने पाहिल्याशिवाय छापखान्यात पाठवू नयेत.

एक अवघड प्रश्न प्रत्येक शहरात येतो. स्थानिक स्टुडिओंचं बरंचसं काम बाहेरच्या मालिकांसाठी मजुरीवर केलेलं असतं. ते इथल्या हातांनी केलेलं असतं, पण हक्क इथले नसतात. अशा कामाची चित्रं दाखवता येत नाहीत. पण ती माणसं वगळली तर प्रदर्शन खोटं ठरतं. तोडगा असा की स्टुडिओच्या संमतीने आणि करारातल्या गुप्ततेच्या अटी तपासून कलाकारांची नावं आणि त्यांचं काम काय होतं, एवढं लिहायचं. नामफलकावर इन-बिटवीन, रंगकाम, पार्श्वभूमी, संकलन करणाऱ्यांची नावं प्रायोजकाच्या नावाएवढ्याच अक्षरांत. यावर तडजोड करू नये.

पडदे आणि आवाज

पडद्यांची मांडणी करणारी मंडळी जाहिराती दाखवण्यात तरबेज असतात. ॲनिमेशनच्या बाबतीत तीन गोष्टी त्यांना आधीच सांगाव्या लागतात.

जुन्या फिती ४:३ प्रमाणातल्या असतात. त्या ताणून १६:९ केल्या की पात्रं जाडी होतात. दोन्ही बाजूंना काळी जागा राहू द्यावी. दूरचित्रवाणी संचातली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, ती दोन चित्रांच्या मधे स्वतःची चित्रं घुसवते आणि ॲनिमेटरने मुद्दाम ठेवलेला ठसका घालवते. आणि तिसरी, जी सहजी सापडत नाही: २४ चौकटींची फीत ६० हर्ट्झच्या पडद्यावर चालवली की एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दिसते. दोन चौकटी टिकणारी चित्रं यात बिघडत नाहीत, कारण तीन आणि दोन मिळून प्रत्येक चित्राला पाच वेळा समान मिळतात. म्हणून तंत्रज्ञ पात्राकडे पाहून ‘सगळं ठीक’ म्हणतो. पण पार्श्वभूमी सरकते ती प्रत्येक चौकटीला, आणि ती मात्र अडखळत जाते. चाचणी घ्यायची तर पार्श्वभूमी सरकणारं दृश्य लावून घ्यावी. प्लेअर आणि पडदा दोन्ही २४, ४८ किंवा १२० हर्ट्झवर नेले की अडखळणं जातं. २५ चौकटींच्या फितीला ५० हर्ट्झ लागतात.

आवाजाचं म्हणाल तर काच आणि दगडाच्या उंच ॲट्रियममध्ये संवाद कळत नाहीत. घुमणारा आवाज पुढच्या शब्दावर चढतो आणि वरून मॉलची सणाची गाणी चालू असतात. आवाज वाढवून काही साधत नाही. चौकात मूकच राहावं, फितींना ठळक उपशीर्षकं द्यावीत आणि ऐकण्यासारखं असेल तिथे कानाला लावायचे हँडसेट ठेवावेत.

मुलांचं टेबल

टेबलावर हाताने फिरवायचे चार छोटे प्रॅक्सिनोस्कोप. आतला व्यास ३० सेंमी, १२ आरसे, प्रत्येक ४ सेंमी रुंद. पट्टीची लांबी ९४.२ सेंमी आणि चिकटवायला दीड-दोन सेंमी जास्त. प्रत्येक घर ७.८५ सेंमी. घरांच्या रेषा छापून द्याव्यात, मुलांना आखायला लावू नये, कारण एक घर दोन मिलिमीटरने चुकलं तरी चित्र थरथरतं.

मुलं नेहमी फार मोठा बदल करतात. पहिल्या घरात चेंडू जमिनीवर, दुसऱ्यात ढगात. सूचना एकच द्यावी: नखभर सरकव, बोटभर नको. पुठ्ठ्याचा छोटा कापलेला आकार दिला की मुलं तो सरकवत बाह्यरेषा काढतात आणि आकार प्रत्येक घरात तोच राहतो. बाराव्या घरातलं चित्र पहिल्याच्या जवळ यायला हवं हे सातव्या घरापाशी पोचल्यावर सांगावं. सुरुवातीला सांगितलं तर विसरतात, शेवटी सांगितलं तर उशीर होतो. चाळीस मिनिटांच्या एका फेरीत १२ मुलं आणि दोन मार्गदर्शक, याहून जास्त घेऊ नयेत. मार्गदर्शक त्याच स्टुडिओंतले ॲनिमेटर असावेत आणि त्यांना या वेळेचं मानधन मिळावं. प्रसिद्धी हेच मानधन, असं समजून त्यांना बोलावणं चुकीचं आहे.

रोजची देखभाल आणि मोजणी

दार उघडण्याआधी वीस मिनिटं: यंत्राभोवतीच्या पारदर्शक भिंतीवरचे हातांचे ठसे सुती मऊ कापडाने पुसणं, कोरड्या कागदाने कधीच नाही, कारण पॉलिकार्बोनेटवर लगेच चरे पडतात. पट्ट्याचा ताण, दोन्ही बटणांची चाचणी, आरशांच्या कलावर एक नजर. सुटे आरसे चार, पट्टीची दुसरी छापील प्रत एक, मोटरचा पट्टा एक. पाळीला दोन माणसं यंत्रापाशी, आणि दोघांनाही बटण दाबायला कोणाची परवानगी लागत नाही हे स्पष्ट सांगितलेलं.

यश मोजताना मॉलच्या दारावरचा आकडा कामाचा नाही, तो सणात वाढतोच. दर तासाला दहा मिनिटं ठरवून यंत्रासमोरून गेलेले किती आणि अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबलेले किती, एवढंच हाताने मोजावं. अर्धं मिनिट म्हणजे उडीची पंधरा आवर्तनं. इतका वेळ जो थांबला, तो पात्र बघून झाल्यावर यंत्र बघू लागलेला असतो, आणि बहुधा पुढे भिंतीकडे जातो. भिंतीपाशीही तीच मोजणी केली की दोन्हींचा संबंध कळतो आणि भिंतीची दिशा चौथ्या-पाचव्या दिवशी बदलता येते.

उतरवण्याच्या रात्री आधी मूळ वस्तू जातात, मग प्रती, मग यंत्र. प्रत्येक मूळ कागदाची आणि सेलची घेताना भरलेली स्थितिनोंद समोर ठेवून देणाऱ्याच्या प्रतिनिधीसमोर तपासणी आणि सही. आरसे न काढता बहुकोन अखंड पेटीत ठेवावा, म्हणजे जुळवलेला कल टिकतो. पट्टी चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळावी, आत ठेवली तर शाईला सुरकुत्या पडतात. यंत्र मॉलच्या गोदामात पडून राहू नये म्हणून ते कला महाविद्यालयाला किंवा वाचनालयाला द्यायचं असं सुरुवातीच्याच करारात लिहून ठेवावं, सोबत चोवीस कोऱ्या घरांची पट्टी आणि आरसे जुळवायची काळ्या रेघेची चाचणी पट्टी.